माणूस कमी पडतोय

दारावरची बेल वाजली तेव्हा निवृत्त फौजदार स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. गाजराचे तुकडे सारख्या आकाराचे केले की सारखे शिजतात, हे ते बायकोला समजावून देत होते. लग्न झाल्यापासून ती गाजरं शिजवत आली होती, पण हे तिला अजून कोणी समजावून दिलेलं नव्हतं. ती मान खाली घालून ऐकत होती आणि सुरी जरा जास्तच जोरात आपटत होती. बेल वाजताच तिने सुरी खाली ठेवली, हात पुसले, पण उठली मात्र नाही. हे फौजदारांच्या लक्षात आलं, पण त्याचा अर्थ लक्षात आला नाही. ते स्वतःच उठले. नवा गुडघा दोन महिन्यांचा झाला होता आणि आता बिनतक्रार काम करत होता, म्हणजे जुन्या गुडघ्यापेक्षा त्याची वागणूक बरी होती. त्यांनी दाराच्या भिंगाला डोळा लावला. बाहेर माणूस नव्हता. बाहेर एक प्रचंड संत्रं होतं. भिंगाच्या गोल चौकटीत ते ग्रहासारखं तरंगत होतं, त्याच्या सालीवरचं छिद्र न् छिद्र दिसत होतं. नोकरीतली सवय अशी की आधी हातातलं हत्यार पाहायचं, चेहरा मागाहून. त्यांनी दार उघडलं. संत्र्याच्या मागे पिशवी होती, पिशवीच्या मागे बँडवाला होता, आणि बँडवाल्याच्या मागे, एक पायरी खाली, वायरलेसच्या बाई हसतमुखाने उभ्या होत्या. दोघं. जोडीने. संत्री घेऊन.

"सहज आलो," बँडवाला म्हणाला.

पोलीस साहाय्य मंडळातला माणूस संत्री घेऊन सहज येत नसतो, हे फौजदारांइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. वर्गणी गोळा करणं, औषधपाण्याला हातभार लावणं, कोणाच्या पोराचं शिक्षण अडलं तर ते मार्गी लावणं, ही कामं मंडळ करायचंच, पण ती कुठलंही मंडळ करील. मंडळाचं खरं काम म्हणजे फेरी. कुठल्या सभासदाच्या घरी काही बिनसलंय अशी कुणकुण लागली की दोघांनी जायचं. एकानं बोलायचं आणि दुसऱ्यानं पाहायचं. सोबत संत्रीच न्यायची. केळं माणूस दोन घासांत संपवतो, सफरचंद बाजूला ठेवून देतो. संत्रं हातात दिलं की तो सोलत बसतो. हात थरथरतात का, नखं वाढलीयत का, साल एकसंध निघते का तुकड्यातुकड्यांनी, हे सगळं दिसतं, आणि हात गुंतलेला माणूस तोंडाला कुलूप घालायला विसरतो. तेवढ्यात पाहणाऱ्यानं पाणी मागायचं आणि उठून थेट स्वयंपाकघरात जायचं. घराची खरी जबानी तिथे मिळते. चूल पेटलीय का, डबे भरलेत का, औषधाच्या बाटलीवर धूळ आहे का. खबर कोणी दिली ते कधीही सांगायचं नाही, खबऱ्याचं नाव पोटात. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, मदत देऊ करायची नाही. पोलिसाला मदत घ्या म्हटलं की तो तुम्हाला जिना दाखवतो. जन्मभर दुसऱ्याला 'काय पाहिजे' असं दरडावून विचारलेलं असतं, आता तोच प्रश्न कोणी मऊ आवाजात विचारला तर त्याला तो सोसत नाही. म्हणून मंडळ उलटं करतं. त्याच्याकडेच मदत मागतं. निघताना, चपला घालता घालता, बोलणाऱ्यानं अगदी अवघडून म्हणायचं: आम्हाला माणूस कमी पडतोय. हे वाक्य फौजदारांनी एवढ्या दारांत, एवढ्या अवघडलेपणाने म्हटलं होतं की मंडळातले नवे लोक ते त्यांच्याकडे शिकायला यायचे. मान किती तिरकी करायची, 'माणूस' आणि 'कमी'च्या मधे किती थांबायचं, हे ते प्रेमाने दाखवून देत.

आणि आता ते स्वतः कोचावर बसले होते, आणि बँडवाल्याने त्यांच्या हातात संत्रं दिलं होतं. गुडघ्याच्या वेळी हेच लोक रिकाम्या हातांनी आले होते. पलंगाभोवती उभे राहून त्यांनी गुडघ्याची यथेच्छ टिंगल केली होती. कोणी म्हणालं, आता चोर मागे लागला तरी साहेब सापडणार नाहीत. ती मैत्री होती. ही फेरी आहे. फौजदारांनी सालीत नख खुपसलं. बारीक तुषार उडाला, आंबट-गोड वास नाकात शिरला, आणि त्या वासाबरोबर काहीतरी जुनं, अर्धवट, आठवायच्या बेतात आलं आणि निसटलं. बँडवाल्याची नजर त्यांच्या बोटांवर होती. तो पोलीस बँडात क्लॅरिनेट वाजवायचा, आणि निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी गप्पा मारताना त्याची बोटं मांडीवर चालत असत. पाऊस, पेट्रोल, नव्या गणवेशाचा भिकार कपडा अशा विषयांवर तो बोलत होता आणि बोटं एखादी संथ धून वाजवत होती. फौजदारांना वाटलं, शोकधून. साल एकसंध काढायची म्हणून त्यांनी जीव एकवटला आणि ती नेमकी मधेच तुटली. बँडवाल्याने नजर चटकन खिडकीकडे वळवली. फौजदारांनी मनात नोंद केली, चटकन वळवायची नसते, पोराला इतकं शिकवून उपयोग नाही. पोराचं वय साठीच्या पुढे होतं.

मग बाईंनी पाणी मागितलं. म्हणजे मागितलं असं नाही, 'मी घेते माझं माझं' म्हणत त्या आत गेल्यासुद्धा. बाई नोकरीभर बिनतारी खोलीत बसलेल्या, कानाला यंत्र लावून साऱ्या शहराची रडगाणी ऐकलेल्या. त्यांच्याशी बोलताना समोरचा आपोआप थोडक्यात आणि मुद्द्याचं बोले. त्या आत गेल्या आणि बाहेरच येईनात. एक पेला पाणी प्यायला किती वेळ लागतो? फौजदारांनी आयुष्यात पुष्कळ पाणी पाहिलं होतं, एवढं हळू कोणी प्यालेलं पाहिलं नव्हतं. आतून कुजबूज येत होती. बायकोचा आवाज, मग बाईंचा, मग बराच वेळ बायकोचाच. आणि मग एक आवाज आला, दाबलेला, नाकातून निसटलेला, तोंडावर पदर धरून आवरलेला. रडतेय, फौजदार मनात म्हणाले. तिला सांगितलं. त्यांच्या हातातली फोड हातातच राहिली. आपल्या घराच्या आत, आपल्याबद्दल, आपल्याला वगळून काहीतरी सांगितलं जातंय, आणि हातावर रस ओघळतोय, हा अनुभव आजवर त्यांनी इतरांना दिलेला होता. घेण्याची ही पहिलीच वेळ.

बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. निघताना बँडवाल्याने चपलेत पाय सरकवला, मान तिरकी केली, अगदी शिकवल्याप्रमाणे, आणि म्हणाला, "साहेब, आम्हाला माणूस... कमी पडतोय. आज तिसऱ्या प्रहरी एका ठिकाणी जायचंय. येता का?"

थांबा बरोबर जागी घेतला होता. दार लावून फौजदार तिथेच उभे राहिले. बाहेर जिन्यात दोघांच्या पावलांचा आवाज उतरत गेला, आणि खालच्या मजल्यावर पोचल्यावर, अगदी स्पष्ट, बाई हसल्या.

आता प्रश्न साधा होता. आपल्याला झालंय काय? फौजदार न्हाणीघरात गेले आणि आरशासमोर उभे राहून त्यांनी संशयिताकडे पाहिलं. संशयित वयस्कर, अंगाने भरलेला, मिशी पांढरी पण व्यवस्थित. जीभ बाहेर काढायला लावली, काढली. डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. हात पुढे धरले, बोटं फाकवली. डावी करंगळी किंचित हलली असं वाटलं, पण ते नळाच्या पाण्याच्या आवाजाने असेल. छातीवर कान ठेवता येत नाही ही मानवी शरीराची एक मोठीच गैरसोय आहे, असं त्यांना वाटलं. मंडळाला डॉक्टरच्या आधी कळतं, हे त्यांना माहीत होतं. पैलवान म्हणून एक हवालदार होता, दोन बैलांचं बळ असलेला. त्याच्या घरी ते संत्री घेऊन गेले होते तेव्हा तो खदखदून हसला होता, अरे मला काय धाड भरलीय म्हणाला होता. धाड भरलेली होती. ती खबर न्हाव्याने दिली होती. दाढी करताना त्याला पैलवानाच्या मानेत काहीतरी हाताला लागलं होतं. वेळेवर गेला म्हणून पैलवान वाचला, आणि अजून न्हाव्याला शिव्या देतो, कारण उपचारात मिशी गेली. मग आपली खबर कोणी दिली? फौजदारांनी मनातल्या मनात खोलीत एक बाक टाकलं आणि त्यावर संशयितांना ओळीने बसवलं. गुडघ्याचा डॉक्टर. तळमजल्यावरचा किराणावाला, जो परवा 'जपून हं' म्हणाला होता, विनाकारण. न्हावी. शेजारचे निवृत्त मास्तर, जे कोणाचंही काहीही सांगतात. प्रत्येकाला त्यांनी मान खाली घालायला लावली आणि प्रत्येकाने नाकारलं. बायकोला त्यांनी बाकावर बसवलंच नाही. खबऱ्या नेहमी बाहेरचा असतो. बायको घरातली.

त्यांनी कोचावर बसून दुसरं संत्रं घेतलं. खायला नाही, सोलायला. मन दुसरीकडे लावावं म्हणून त्यांनी मंडळातल्या मजेच्या फेऱ्या आठवायला घेतल्या, आणि मजेच्या फेऱ्या म्हटलं की घरकोंबडे. हा आजाराचा एक प्रकारच होता. अशा घरात माणूस ठणठणीत असतो, घर आजारी असतं. काल-परवापर्यंत शंभर माणसं ज्याच्या शिट्टीवर हलत होती तो एका सकाळी घरी बसतो आणि त्याच्या हुकमतीखाली एक बायको, एक मांजर आणि दोन कुंड्या उरतात. मग शंभर माणसांना पुरेल एवढी हुकमत त्यांच्यावरच खर्च होते. एक निवृत्त जेलर होता, तो बायको दुकानातून आली की पिशवीची झडती घ्यायचा. वाहतूक शाखेचा एक होता, त्याने स्वयंपाकघरात जायची एक बाजू आणि यायची दुसरी ठरवून दिली होती, आणि सून उलट्या बाजूने आली की शिट्टी वाजवायचा. अशा घरांतून खबर नेहमी बायकोचीच यायची, मंडळात फोन करून, हलक्या आवाजात. मग फौजदार जात, संत्रं देत, जोडीदाराला पाणी प्यायला आत पाठवत. आत त्या माऊलीला इतक्या दिवसांनी विचारपूस करणारं माणूस भेटल्यावर ती आधी रडायची आणि मग एकेक किस्सा सांगता सांगता हसायला लागायची, तोंडावर पदर धरून, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. आणि मग दारात मान तिरकी करून ते वाक्य. जेलरला इस्पितळातल्या नोंदणीच्या खिडकीजवळ उभं केलं. तिथे आता रांगेत कोणी घुसत नाही. शिट्टीवाला शाळेबाहेर पोरांना रस्ता ओलांडून देतो, आणि त्याची सून मंडळाला दर महिन्याला आठवणीने वर्गणी पाठवते. गंमत म्हणजे त्यांतल्या एकालाही कधी कळलं नाही. प्रत्येकाला मनापासून वाटतं की मंडळाला माणूस कमी पडत होता. एवढे मुरलेले पोलीस, माणसाच्या पापणीवरून चोरी ओळखणारे, आणि स्वतःच्या घरात झालेला डाव दिसत नाही, म्हणून फौजदार आणि त्यांचे जोडीदार, मंडळातले सगळ्यांत जुने थोरले जमादार, परतीच्या वाटेवर हसून हसून बेजार व्हायचे. थोरले जमादार जरा जास्तच हसायचे. कधी कधी फौजदारांकडे बघून, डोळे पुसत.

बोटं थांबली. सालीचा तुषार पुन्हा उडाला आणि मघाशी निसटलेली आठवण या खेपेला उंबरा ओलांडून आत आली, शांतपणे, चपला काढून. थोरले जमादार. हेच घर, हाच कोच, रंग तेव्हा हिरवा होता. निवृत्तीला महिना झाला असेल नसेल. सकाळची वेळ, दारावर बेल, जमादार आणि त्यांच्याबरोबर कोणीतरी बुटका. तो बुटका आत गेला आणि बराच वेळ आला नाही. कशाला गेला होता? पाणी प्यायला. जमादारांच्या हातात काहीतरी होतं, पिशवी, आणि आपल्याला वाटलं होतं निवृत्तीचा सत्कार करायला आलेत. हार नाही आणला, फळं आणली, म्हणून मनातून थोडे खट्टूच झालो होतो. मग दारात चपला घालता घालता जमादार अवघडले होते. केवढा मोठा माणूस, आपल्यासमोर अवघडला, याचंच आपल्याला भरून आलं होतं. म्हणाले होते... काय म्हणाले होते हे आठवायची गरज नव्हती. थांबा कुठे घेतला होता तेसुद्धा फौजदारांना ऐकू आलं. आपण तो जमादारांकडूनच तर उचलला. त्या दिवशी ते वाक्य ऐकल्यावर ते इतके ताठ झाले होते की पाठीतून आवाज आला होता. संध्याकाळी सगळ्या आळीला सांगितलं होतं, मंडळ अडलंय माझ्यावाचून. आळीतल्या लोकांनी मान डोलावली होती. किराणावाला तर म्हणाला होता, बरं झालं, सुटका झाली. कोणाची, ते फौजदारांनी विचारलं नव्हतं.

ते उठले. स्वयंपाकघराच्या दारातली खुर्ची आडवी येत होती. गेले दोन महिने, गुडघ्यामुळे फेऱ्या बंद झाल्यापासून, ती तिथे होती, आणि का होती याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता. तिथून चूल दिसे, मोरी दिसे, फडताळ दिसे आणि मान वळवली की बाहेरचं दारही. नाकाबंदीला याहून चांगली जागा त्यांना सगळ्या नोकरीत सापडली नव्हती. फडताळातले डबे उंचीप्रमाणे उभे होते, परेडला उभे राहावेत तसे. ते त्यांनीच लावले होते, मागच्या आठवड्यात. बायकोला तेव्हापासून मीठ सापडत नव्हतं. गाजरं आता कढईत होती. तुकडे काही मोठे, काही लहान, मुद्दाम केल्यासारखे.

"थोरले जमादार पहिल्यांदा आपल्याकडे आले होते," ते म्हणाले, "तेव्हा संत्री होती का गं?"

"होती," ती म्हणाली. मागे वळली नाही. "आंबट निघाली."

"त्यांना कोणी बोलावलं होतं?"

"खबऱ्याचं नाव सांगायचं नसतं म्हणे."

फौजदार खुर्चीवर बसले. पूर्वी जबानी घेताना असा क्षण यायचा की खोलीतली हवा बदलायची, समोरचा खांदे पाडून बसायचा आणि त्यांना कळायचं, झालं, आता खरं बोलणार. आता खांदे त्यांचेच पडले होते आणि खरं समोरची बोलणार होती. म्हणजे ते आजारी नव्हते. ही खरं तर आनंदाची बातमी होती. हृदय, फुप्फुस, करंगळी, सगळं जागच्या जागी होतं. ते रोगी नव्हतेच. ते रोग होते. एवढं काय करत होतो मी, असं त्यांनी विचारलं, आणि बायकोने कढईवर झाकण ठेवून सांगायला घेतलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता, एखाद्या जुन्या प्रवासाची हकीकत सांगावी तसं सांगत होती. बाजारातून यायला उशीर झाला की कुठे थांबलीस, कोण भेटलं, तो काय म्हणाला, तू काय म्हणालीस, हे विचारताना खोलीत उजेड तिच्या तोंडावर पडेल अशा बेताने ते बसत. बहिणीचा फोन आला की एका बाजूचं ऐकून दुसऱ्या बाजूचं काय असेल ते मोठ्याने सांगत, आणि ते बरोबर निघे, हे जास्त वाईट. दूधवाल्याला एकदा त्यांनी इतके प्रश्न विचारले की त्याने केलेल्या नव्हत्या त्या चोऱ्याही कबूल करायची तयारी दाखवली. सांगता सांगता तिला हसू फुटलं आणि तिने पदर तोंडावर धरला. दाबलेला, नाकातून निसटलेला आवाज. मघाचाच.

मग ती थांबली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "बाकी सगळं चालतं हो. सवयीचं आहे. पण मी काम करताना गुणगुणते. तुम्हाला माहीत नसेल."

त्यांना माहीत नव्हतं. ते तसं म्हणाले.

"कसं असणार? तुम्ही घरात असलात की बंद होतं. नवी नवी होते तेव्हा एकदा गुणगुणले होते, तर तुम्ही विचारलंत, कुठलं गाणं, कोणी शिकवलं, कधी. तसं काही वाईट मनाने नाही विचारलंत. पण मग गाणंच आठवेना." तिने झाकण उचलून गाजरं परतली. "दोन महिने झाले, गुणगुणले नाही."

फौजदारांना एकच गोष्ट विचारायची होती आणि ती अगदी लहान आवाजात आली. "म्हणजे मंडळाला माणूस कमी पडत नव्हता?"

"ते मंडळाला विचारा," बायको म्हणाली. "मला जास्त पडत होता."

जेवणानंतर फौजदार कोचावर आडवे झाले आणि त्यांनी अपमान करून घ्यायचा ठरवला. कारण तसं भरभक्कम होतं. इतकी वर्षं आपण लोकांना मदत करत हिंडलो, छाती पुढे काढून, आणि ती आपल्यालाच चालू असलेली मदत होती, म्हणजे इस्पितळातल्या पेशंटने पांढरा कोट घालून वॉर्डात फिरावं आणि सगळ्या डॉक्टरांनी त्याला हो डॉक्टर, बरं डॉक्टर म्हणावं, तसं झालं. तिसऱ्या प्रहरी बँडवाला आला की डोकं दुखतंय म्हणून सांगायचं. त्याने मान तिरकी केली तर दार लावून घ्यायचं. त्यांनी डोळे मिटले आणि अपमानाची वाट पाहिली, पण तो यायला तयार होईना. त्याच्याऐवजी ड्रायव्हर आला. पोलीस गाडीवरचा तो ड्रायव्हर, ज्याची अर्धी बाजू एका पहाटे लुळी पडली आणि वाचा गेली. फौजदार त्याच्याकडे आठवड्यातून दोनदा जायचे, नुसते समोर बसायचे, आणि त्याच्या गाडी चालवण्याची निंदा करायचे. तुला गिअर कळलाच नाही कधी, म्हणायचे. तू गाडी नव्हतास चालवत, ढकलत होतास. ड्रायव्हरचा चेहरा लालबुंद व्हायचा, ओठ वाकडे हलायचे. आणि एका दुपारी त्याच्या तोंडून, महिन्यांनंतर, पहिला शब्द बाहेर पडला, घरातल्या सगळ्यांनी ऐकावा असा स्वच्छ. ती फौजदारांच्या वडिलांवरून शिवी होती. ड्रायव्हरची आई देवासमोर साखर ठेवायला धावली होती. फौजदार घरी येताना रस्ताभर ती शिवी मनात घोळवत आले होते, आणि तो त्यांच्या आयुष्यातला मोठा सन्मान होता, शौर्यपदकाच्याही वरचा. त्या ड्रायव्हरला काय ठाऊक, की शिव्या खायला समोर बसलेला माणूस तिथे बसल्यामुळे कुठल्यातरी स्वयंपाकघरात एक बाई गुणगुणत होती? आणि ठाऊक असतं, तर शिवी काय कमी स्वच्छ आली असती? छताला एक बारीक भेग होती, ती कोपऱ्यापर्यंत जाऊन वळत होती. फौजदार तिच्यामागोमाग जात राहिले. औषध पाजणारा कोण, पिणारा कोण आणि बाटली कोणाची, याचा हिशेब लागेना, आणि तो लागत नाहीये याचं त्यांना हळूहळू बरं वाटायला लागलं. थोरले जमादार गेले तेव्हा त्यांच्या बायकोने बोलता बोलता सांगितलं होतं की ह्यांनाही कोणीतरी असंच बोलावून नेलं म्हणून, नाहीतर... आणि मग तिला रडू आलं होतं. नाहीतरच्या पुढे काय, ते फौजदारांनी त्या वेळी विचारलं नव्हतं. आता ते एकटेच मोठ्याने हसले. आत भांड्यांचा आवाज थबकला.

त्यांनी इस्त्रीचा सदरा चढवला. मग स्वयंपाकघराच्या दारातली खुर्ची उचलली आणि खिडकीपाशी, जिथे पूर्वी असायची तिथे, नेऊन ठेवली. फडताळासमोर जरा घुटमळले. डबे पुन्हा मागे-पुढे करावेत असं मनात आलं, पण आधीची व्यवस्था काय होती ते त्यांना आठवेना, आणि विचारायला गेलं तर तीही एक चौकशीच झाली असती. "जाऊन येतो," एवढंच ते म्हणाले. केव्हा येणार, असं तिने विचारलं नाही. घरात प्रश्न विचारायचं काम कधी तिच्याकडे नव्हतंच.

बँडवाला जिन्यात उभा होता. हातात पिशवी. दोघं खाली उतरायला लागले, नव्या गुडघ्याच्या सोयीने, एकेक पायरी. एक मजला उतरले असतील. बँडवाला एकाएकी थांबला आणि त्याने मान कलती केली. वरून, बंद दाराच्या फटीतून, भांड्यांच्या आवाजाच्या खालून आणि मधूनच वरून, कोणीतरी गुणगुणत होतं. शब्द नव्हते. चाल जुनी होती, किंवा नव्हती, फौजदारांना गाण्यातलं काही कळत नसे. हा आवाज मात्र त्यांनी पूर्वी ऐकला होता, फेरीवर निघताना, याच जिन्यात, कितीतरी वेळा. त्यांची समजूत होती की शेजारच्या मास्तरांचा रेडिओ. एकदोनदा मास्तरांना, रेडिओ जरा हळू लावा, असं सांगितलंही होतं. मास्तरांनी गोंधळून बरं म्हटलं होतं.

"सुरात आहेत वहिनी," बँडवाला म्हणाला. त्याची बोटं पिशवीच्या कागदावर चालायला लागली होती, आणि सकाळची ती धून शोकधून नव्हती हे आता फौजदारांना कळलं. ती हीच होती.

"तुला माहीत होतं?"

"मंडळात सगळ्यांना माहीत आहे, साहेब. रोग्याला सांगायचं नाही, असं तुम्हीच शिकवलंत."

सूर तुटेपर्यंत दोघं जिन्यात उभे राहिले. कोणी वर येताना त्यांना असं पाहिलं असतं तर दोन म्हातारे कुणाच्या तरी दारावर पाळत ठेवून आहेत असंच वाटलं असतं, आणि ते अगदीच चूक नव्हतं.

ज्यांच्याकडे जायचं होतं ते ठाणेदार नुकतेच निवृत्त झाले होते. घर नवं, पडदे नवे, दाराबाहेर चपला टाचा भिंतीला लावून एका रेषेत, आणि दार उघडणाऱ्या ठाणेदारांच्या अंगात पांढरास्वच्छ बनियन आणि गळ्यात शिट्टी. शिट्टीबद्दल कोणी काही विचारलं नाही. बसायच्या खोलीत भिंतीवरचं घड्याळ पुढे होतं, मुद्दाम, म्हणजे घरातली मंडळी वेळेवर उठतात, असं ठाणेदारांनी आपण होऊन सांगितलं. बँडवाल्याने त्यांच्या हातात संत्रं दिलं. ठाणेदारांनी साल एका दमात, एकसंध, गोल काढली आणि टेबलावर अशी ठेवली की आत संत्रं आहे असं वाटावं. प्रकृती उत्तम होती. फौजदार उठले. आज पाहायची पाळी आपली, असं त्यांनी वाटेतच सांगून टाकलं होतं. जरा पाणी मिळेल का, असं म्हणून ते उत्तराची वाट न पाहता आत गेले.

ओट्याशी एक बाई उभी होती, पन्नाशीची, डोळ्यांखाली काळं, हातात पुसायचं फडकं. ओट्यावर सगळी भांडी उतरत्या भाजणीने मांडलेली. एका कोपऱ्यात, कोणाचं लक्ष जाऊ नये अशा ठिकाणी, दोन पेले उलटसुलट ठेवले होते. ते पाहून फौजदारांना एकदम तिच्याबद्दल आशा वाटली. तिने त्यांना पाणी दिलं, दाराकडे पाहिलं आणि फोनवर बोलली असेल त्याच आवाजात विचारलं, "गुण यायला किती दिवस लागतात हो?"

फौजदारांनी पेला तोंडाला लावला. पाणी गार होतं. घोट घोट करत ते प्यायला लागले. घाई कसलीच नव्हती. बाहेरच्या खोलीत चपलांचा आवाज झाला, आणि मग बँडवाला अवघडून म्हणाला की साहेब, आम्हाला माणूस... आणि थांबला, बरोबर जागी थांबला, आणि पुढचं म्हणाला. मग कोणाची तरी पाठ ताठ झाल्याचा आवाज झाला, बारीक, हाडातला. तो आवाज फौजदारांनी ओळखला.

"माझं सहावं वर्ष चालू आहे, बाई," ते पेला खाली ठेवत म्हणाले. "मधे दोन महिने खाडा झाला, तर आज पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं."